शाळेच्या पातेल्यात गावची भाजी: परसबाग, घरचा वाफा आणि मधला हिशेब

परसबाग करायची ठरली की लोक आधी कुदळ शोधतात. माझं म्हणणं, आधी पातेलं बघा. किती जणांचं शिजतं, कशात काय पडतं, पोरं काय आवडीनं खातात आणि काय ताटाच्या कडेला सारतात, हे आठवडाभर नीट पाहिलं की जमिनीत काय लावायचं ते वेगळं विचारावं लागत नाही.

मी माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट 42. शिजवायला दोघी मावशी. पाऊस कमी, जमीन मुरमाड, शेरडं भरपूर. म्हणजे पुस्तकात दाखवतात तशी हिरवीगार बाग आमच्या वाट्याला नाही. तरीही आमच्या आमटीत आठवड्यातले बरेच दिवस गावची भाजी असते. ते कसं जमवायचं ते सांगते. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या वाचकांनी पाण्याचा भाग आपापल्या हिशेबानं बदलून घ्यावा.

आधी तराजू

शालेय पोषण आहार योजनेच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेलं आहे. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. आमची सगळी पोरं हजर असली तर रोज 2 किलो 100 ग्रॅम भाजी लागते. शाळेचे 24 दिवस धरले तर महिन्याला साधारण 50 किलो. हा आकडा काढून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा. तुमचा पट गुणिले 50, एवढंच गणित. तिसरीची पोरंसुद्धा करून देतात.

आता शाळेमागची जागा बघा. बहुतेकांकडे अर्धा गुंठाही धड नसतो. तेवढ्यात बारमाही रोज दोन किलो भाजी निघणार नाही, आणि निघते असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यांची नोंदवही मागून बघा. म्हणून मी कामाच्या तीन वाटण्या केल्यात. पालेभाजी, कोथिंबीर, कढीपत्ता, शेवग्याचा पाला हे शाळेच्या बागेतून. भोपळा, टोमॅटो, वांगी, कांदा, कडधान्य हे गावातून. आणि उरलेली उणीव भरायला मुलांच्या घरचे वाफे. यातला एकही पाय काढला तर बाकीचं फार दिवस टिकत नाही.

पैशाचं म्हणाल, तर केंद्रानं मे 2025 पासून धरलेला दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आहे. डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन सगळं त्यात. टोमॅटो महागला की पहिली कात्री भाजीलाच लागते. आम्ही शाळेत होतो तेव्हा, म्हणजे 1995 ला ही योजना सुरू झाली तेव्हा, पिशवी घेऊन महिन्याचे तीन किलो तांदूळ घरी न्यायचो. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, त्यानंतर शाळांमधून चुली पेटल्या. चूल आली म्हणूनच भाजीचा प्रश्न आला, आणि तो चांगलाच प्रश्न आहे.

परवानगीची भीती बाळगू नका. 2019 मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं शालेय पोषण बागांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात जागा नसेल तर डबे-कुंड्यांतही चालेल असं म्हटलेलं आहे. आपल्याकडे परसबागेच्या स्पर्धाही होतात. स्पर्धेला विरोध नाही, पण समिती येणार म्हणून आठवडाभर आधी टायर रंगवायचे, विटांना चुना फासायचा, पाट्या लावायच्या, आणि आमटीत मात्र बाजारचा सुकलेला कोबी, हे प्रकार मी पाहिलेत. बागेचे गुण पातेल्यात मोजावेत.

पहिलं झाड शेवग्याचं

एकच झाड लावायची ताकद असेल तर शेवगा लावा. कमी पाणी, मुरमाड जमीन, दोन्ही त्याला चालतं. पीकेएम-1 ही तामिळनाडूतल्या पेरियाकुलमची जात बियांपासून येते आणि वर्षाच्या आत शेंगा धरते. गावात एखाद्याच्या दारात चांगल्या चवीचा जुना शेवगा असेल तर त्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर लावली तरी चालते. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडायचा. हे करताना मन कचरतं, पण शेंडा खुडला नाही तर झाड बांबूसारखं सरळ वर जातं आणि पाला काढायला शिडी लागते. शेंगांचा बहार संपला की पुन्हा छाटून खाली आणायचं. पोराचा हात पोचेल एवढीच उंची ठेवायची.

पाला वापरायची आमच्या मावशींची रीत बघण्यासारखी आहे. सकाळी आल्या आल्या चार-पाच डहाळ्या काढतात, चिमटीत देठ धरून उलट्या दिशेनं सर्रकन ओढतात की पानं परातीत आणि काडी हातात. मग पाला धुऊन, मुठीत आवळून, विळीवर अगदी बारीक. आणि तो डाळ शिजत असतानाच टाकतात. फोडणीनंतर वरून टाकला तर पोरं एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवतात. डाळीबरोबर शिजला की वेचायला काही उरतच नाही. कढीपत्त्याचंही तसंच, तो वाळवून चटणीच्या मसाल्यात कुटला तर पोटात जातो.

शेवग्याखालोखाल कढीपत्ता, लिंबू, आणि मोरीच्या पाण्यावर अळू व केळ. ही कायमची मंडळी. लिंबाला फळं यायला तीन-चार वर्षं जातात, म्हणून तो पहिल्याच पावसात लावून टाकायचा आणि विसरून जायचं.

वाफा, माती, पाणी

मुलांसाठीच्या वाफ्याची रुंदी तीन फुटांच्या वर नको. दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचला पाहिजे, नाहीतर पोरं वाफ्यात उतरतात आणि माती तुडवून घट्ट करतात. दोन वाफ्यांत दीड फूट वाट ठेवा.

गादीवाफा कोकणात किंवा काळ्या चिबड रानात ठीक. आमच्याकडे उंच वाफा केला की दुपारपर्यंत खडखडीत. कोरड्या भागात वाफा सपाट ठेवून कडेनं चार बोटं उंच वरंबा घाला, म्हणजे ओतलेलं पाणी जागेवर मुरतं. फूटभर खणून दगड वेचायचे, तीन फूट बाय दहा फुटांच्या वाफ्याला तीन-चार घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत मिसळायचं. आमच्या भागात मेंढपाळांची घरं बरीच, त्यामुळे लेंडीखताला तोटा नाही. पण ते कुजलेलंच हवं. ताज्या लेंडीनं कोवळी रोपं जळतात आणि कच्च्या शेणात हुमणी, वाळवी येते. खड्ड्यात भरून वर माती टाकून, ओल धरून ठेवलं की तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, बिनवासाचं होतं. तो वास गेला की वापरायला तयार.

कुंपणाला बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, सगळ्यात स्वस्त, पण शाळेत काटे वाटेवर येतात. आतून शेडनेटची जुनी पट्टी किंवा तुरकाट्यांची ताटी आणि बाहेरून फेसाट्या असं करा. शेरडू एकदा आत शिरलं की हंगाम संपला असं समजा.

पाणी हा खरा मुद्दा. हात आणि ताटं धुण्याचं पाणी रोज वाहून जातंच, तेच बागेकडे वळवा. नळाच्या खाली दोन फूट खोल खड्डा घ्या, तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर वाळू. तेलकट साय वाळूवर अडते, ती पंधरा दिवसांनी खरवडून टाकायची. गाळून निघालेलं पाणी केळ, अळू, शेवगा, दोडक्याच्या वेलांना. कोथिंबीर, मुळा, काकडी असं जे कच्चं खातात त्यांना हे पाणी घालू नका. त्यांच्यासाठी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत धरायचं. मावशींना एकदा सांगितलं की त्या विसरत नाहीत.

वेलांना मडकं पुरणं हा फार जुना आणि फार चांगला उपाय. बिनरंगाचं भाजकं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाणी भरून वर झाकणी. भोवती वीतभर अंतरावर दोडक्याच्या किंवा भोपळ्याच्या तीन-चार बिया. पाणी झिरपतं ते थेट मुळांशी, आणि सुट्टीच्या दिवशीही झाड तगतं. काही शाळा सलाईनच्या बाटल्या टांगतात. फोटो छान येतो, पण दवाखान्यातून वापरलेल्या बाटल्या मुलांच्या हाती देऊ नका, तो जैववैद्यकीय कचरा आहे. पाण्याच्या साध्या प्लास्टिक बाटलीला टोपणात बारीक भोक पाडलं तरी तेच काम होतं.

कधी काय पेरायचं

शाळेच्या बागेत नक्षत्रापेक्षा सुट्ट्यांचं कॅलेंडर मोठं. नेमकी दिवाळीच्या सुट्टीत तयार होणारी मेथी कुणाच्या उपयोगाची?

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मृगाचे दोन-चार पाऊस झाले असतील तर भेंडी, गवार, चवळी, दोडका, लाल भोपळा पेरा. भेंडी दीड महिन्यात सुरू होते. भेंडीत शिरा पिवळ्या पडणारा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. परभणी क्रांती ही जात त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. गवारीत पुसा नवबहार. भेंडी-गवार दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते, म्हणून शनिवारी सकाळच्या शाळेत आणि पुन्हा सोमवारी अशी तोडणी बांधून घ्या. आडवा-तिडवा पसरणाऱ्या भोपळ्याला वाफा देऊ नका. कुंपणावर किंवा खताच्या खड्ड्याच्या कडेला सोडला की तो आपलं बघतो. पिकलेला लाल भोपळा न चिरता महिना-दोन महिने टिकतो, ही शाळेसाठी मोठी सोय आहे.

आमचा खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा. हत्तीच्या पावसानंतर जमिनीत ओल असते आणि ऊन उतरतं, तेव्हा पालेभाज्यांचा हंगाम. दिवाळीची सुट्टी संपली की मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, चाकवत, आंबट चुका. पालकात ऑल ग्रीन. वांग्यात मांजरी गोटा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत, पालक महिना-सव्वा महिन्यात, मुळा दीड महिन्यात. एक वाफा एका दिवशी पेरू नका. त्याचे चार तुकडे करून आठवड्याला एक तुकडा पेरला तर दर आठवड्याला एक दिवस मेथीचा ठरतो. पालक मुळासकट उपटू नका, बाहेरची पानं कापत राहिलं की पुन्हा फुटतो.

फेब्रुवारीनंतर आमच्याकडे नवीन काही पेरण्यात अर्थ नाही. माठ आणि तांदुळजा तेवढे उन्हाला टिकतात.

किडीचं थोडक्यात. शाळेत रासायनिक फवारणी नकोच. मावा दिसला की पाण्याचा जोरात फवारा, तरी गेला नाही तर निंबोळी अर्क. प्रमाण पाच टक्के: 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून पिळून गाळायच्या आणि एकूण एक लिटर करायचं, त्यात चिमूटभर कपडे धुण्याचा सोडा नव्हे, साबणाचा चुरा. संध्याकाळी फवारायचं आणि दोन दिवस ती भाजी तोडायची नाही. निंबोळ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाखाली पडलेल्या असतात, पोरांकडून वेचून, वाळवून पोत्यात ठेवा. दोडक्या-कारल्यात फळमाशी असेल तर कामगंध सापळा (वासानं माशी ओढून पकडणारा) कृषी सेवा केंद्रात मिळतो. डंख मारलेली फळं मात्र बागेत पडू द्यायची नाहीत, खोल पुरायची.

गावची पाटी

हा भाग मला बागेपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि याबद्दल कमी बोललं जातं. गावात भाजी पिकत असते, ती टेम्पोत बसून शहरात जाते, आणि शाळेसाठी आपण तालुक्याहून भाजी आणतो. ही उलटी गंगा थांबवायला शाळा व्यवस्थापन समितीची एक बैठक पुरते. जूनच्या बैठकीत भिंतीवरचा तो आकडा वाचून दाखवा: महिन्याला 50 किलो. मोठा वाटतो, पण त्याच गावातून एका दिवसात त्याच्या कितीतरी पट माल जातो हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

दान मागू नका, उरलेलं मागा. बाजारात न चालणारा गोल्टी कांदा, वाकडी काकडी, आकारानं लहान वांगी. चवीला त्यात काही कमी नसतं. भाव पडल्यावर टोमॅटो बांधावर ओतले जातात, तेव्हा दोन पाट्या शाळेत पाठवायला शेतकरी आनंदानं तयार होतो. भाव चांगला असताना मात्र फुकट मागायचं नाही. भाजीचे मिळणारे पैसे तालुक्याच्या व्यापाऱ्याऐवजी त्यालाच द्यायचे आणि पावती घ्यायची.

एक नोंदवही घाला. तारीख, काय आलं, वजन किती, कुणाकडून, आणि शेवटचा रकाना: फवारणी कधी केली होती. हा रकाना सोडू नका. प्रत्येक औषधाच्या चिठ्ठीवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं. टोमॅटो, वांगी, डाळिंब यांवर फवारण्या जास्त. शेतकऱ्याला सरळ विचारलं की तो सरळ सांगतो, ‘मॅडम, परवाच मारलंय, ही नको, खालच्या वाफ्यातली देतो.’ विचारायला लाजायचं कारण नाही, पोटात पोरांच्या जायचं आहे, आणि त्यातलं एखादं त्याचंही असतं.

भाजीच्या पलीकडे कडधान्य बघा. माणदेशात मटकी आणि हुलगा पिकतो. मटकी सकाळी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड. थंडीत हुलग्याच्या पिठाचं माडगं कधीतरी होऊ द्या. आमच्याकडे चौथीतली पोरं पहिल्यांदा नाकं मुरडतात, आणि एकदा त्यात गूळ पडला की वाटी पुढे करतात. त्या दिवशी एखादी आजी येऊन चुलीशी बसली तर उत्तम, माडग्याला गुठळी होऊ न देणं हे पाककृतीच्या कागदावरून जमत नाही.

तिथी भोजन हा प्रकार योजनेत आहेच. वाढदिवस, बारसं, घरभरणी असली की कुणी जेवण देतं, कुणी गोडधोड. आम्ही पालकांना सुचवतो, केक आणण्यापेक्षा पोरानं एक पाटी पेरू किंवा बोरं आणावीत. केक एका घासात संपतो आणि चाकू-मेणबत्तीपायी तासिका जाते.

दोन गोष्टी कडक पाळा. पहिली, कुठल्याही मुलावर घरून भाजी आणायची सक्ती नको. ज्यांच्याकडे जमीन नाही, जी घरं ऊसतोडीला जातात, त्यांच्या पोरांनी काय आणायचं? दुसरी, भाजी कुणाच्या घरची आहे हे पंगतीत जाहीर करायचं नाही. आपल्या गावांमधून जात अजून स्वयंपाकघराच्या दारात उभी असते, तिला निमित्त देऊ नका. नाव नोंदवहीत असतं, तेवढं पुरे. पातेल्यात पडली की ती शाळेची भाजी.

रानभाज्यांबाबत उत्साह आवरा. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू गावातल्या म्हाताऱ्या बायका ओळखतात, त्यांनी पाहिल्याशिवाय काही चुलीवर चढवायचं नाही. रानातल्या अळंब्या तर शाळेत नकोतच.

आणि स्वयंपाकघरात: पालेभाजी आधी तीन पाण्यांतून धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर जातं. झाकण ठेवून शिजवा, पाणी ओतून देऊ नका, वाढताना लिंबू पिळा. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेऊन चव नोंदवहीत लिहायचं असतं, ते खरोखर जेवून लिहा.

मुलांचं काम

बागेतलं काम शिक्षा म्हणून द्यायचं नाही. गृहपाठ नाही केला म्हणून खुरपायला पाठवलेलं पोरगं आयुष्यभर खुरप्याचा राग धरतं. झाडणं-पाणी घालणं मुलींकडे आणि खणणं मुलांकडे अशी वाटणीही आपोआप पडत जाते, ती मोडत राहावी लागते. आमच्याकडे आठवड्याला गट बदलतो आणि प्रत्येक गटात पहिलीतलं एक तरी असतं.

तोडणी झाली की वजनाचं काम तिसरी-चौथीचं. लाल भोपळा ताणकाट्याला लटकवला, काटा चार किलोच्या पुढे तीन रेघांवर थांबला. एक म्हणतो चार किलो तीन ग्रॅम, दुसरी म्हणते चार किलो तीनशे. मग त्यांचं भांडण. अशा वेळी मी मध्ये पडत नाही. पाच मिनिटांत कुणीतरी रेघा मोजायला लागतं आणि दशमान परिमाणाचा माझा तास वाचतो.

घरचा वाफा

घरी सुरुवात करायला विकत काही आणायचं नाही. फोडणीच्या डब्यातले मेथीदाणे, धणे आणि मोहरी उगवतात. धणे पेरताना लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायच्या, तरच उगवण बरी होते. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं फुटतात.

गावातल्या घराला मोरीमागची ओल असतेच. तिथं अळू आणि केळ लावायची पद्धत आज्यांच्या काळापासूनची, मध्ये काँक्रीट आल्यावर ती बुजली. शोषखड्ड्याच्या कडेला अजूनही चालते. आम्ही जूनमध्ये प्रत्येक मुलाला कागदाच्या पुडीतून तीन बिया देतो, दोडक्याची, भोपळ्याची आणि वालाची. बी देताना एकच अट, पहिलं फळ घरी खायचं. शाळेला आणायचं ते नंतर, जास्त झालं तर.

शहरातल्यांसाठी: पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा किंवा रंगाची जुनी बादली नीट धुऊन, तळाला चार भोकं. तळात नारळाच्या शेंड्या, वर निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं खत व पालापाचोळा. चार तास ऊन येत असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना होतो. टोमॅटो-मिरचीला सहा तास तरी हवेत. खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन तासच ऊन असेल तर टोमॅटोचा नाद सोडा आणि पुदिन्यावर समाधान माना. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून अशी बिनखर्ची, पालापाचोळ्यावरची बाग कितीतरी घरांना शिकवली. गच्चीवर भाजी काढणारी आजची पुष्कळ मंडळी त्याच वाटेनं चाललेली आहेत.

बी राखायला घरातल्यांना शिकवा. भेंडी, दोडका, वाल यांची सगळ्यात जोमदार झाडाची दोन-तीन पहिली फळं झाडावरच वाळू द्यायची, बी काढून सावलीत सुकवायचं आणि चुलीतल्या चाळलेल्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. डब्यावर नाव आणि साल. पाकिटावर संकरित लिहिलेल्या जातीचं बी राखून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तेच फळ येईल याचा भरवसा नसतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या पोरांना त्यांचा फोटो दाखवला तर पहिला प्रश्न असतो, ‘यांच्याकडे वाल किती प्रकारचा आहे?’ हा प्रश्न घरी जाऊन आजीला विचारा म्हणून मी परत पाठवते. एका वर्षी त्यातून काळ्या ठिपक्यांचा, गावात कुणाकडेच उरला नाही असं वाटलेला वाल एका घराच्या शिंक्यात सापडला.

मे महिना आणि बदली

बागा मरतात त्या सुट्टीत. एप्रिलअखेर वाफे मोकळे करा, उरलेलं सगळं तोडून घ्या आणि कुंपणाची ताटी दोन दिवस उघडी ठेवून शेरडं आत सोडा. पालापाचोळा साफ होतो आणि लेंडी जागेवर पडते. मग ताटी बंद. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबाच्या आळ्यात उसाचं पाचट किंवा बाजरीची सरमाडं वीतभर जाड अंथरा. पुरलेली मडकी भरायची जबाबदारी शाळेजवळच्या दोन घरांवर, आणि त्यांची नावं समितीच्या इतिवृत्तात लिहून. तोंडी सांगितलेलं मेच्या उन्हात वाळून जातं.

शिक्षकांच्या बदल्या उन्हाळ्यातच होतात. हौशी गुरुजी गेले की बाग गेली, असं बहुतेक ठिकाणी घडतं. म्हणून नोंदवहीच्या शेवटच्या पानावर नव्या शिक्षकासाठी लिहून ठेवा: कुठल्या वाफ्यात काय होतं, बियांचा डबा कुठल्या कपाटात, गाळणीची वाळू शेवटची कधी बदलली, मडकी कुठं पुरली आहेत, कांदा कुठल्या वस्तीवरून येतो, लेंडीखतासाठी कुणाला विचारायचं. ही वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवू नका, चार्जच्या यादीत ती हरवते. दोघी मावशींकडे द्या. त्यांची बदली होत नाही.